घरात पाहुणा : पैठणच्या नाथवाड्यात



आजचं वाचन : श्रीमद्भागवत, एकादश स्कंध. अध्याय ७ मधली कपोताची गोष्ट, अध्याय ९ मधला साप आणि अध्याय १७ मधला गृहस्थधर्म. ज्यांच्याकडे एकनाथी भागवत आहे त्यांनी हेच अध्याय नाथांच्या ओव्यांतून वाचावेत. रोजच्यापेक्षा आजचं चिंतन जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी थोडी उजळणी. यदुराजाला एक अवधूत भेटतो. हा अवधूत म्हणजेच दत्तात्रेय, असं आपली परंपरा मानते. जवळ काही नाही आणि तरी इतका आनंदी कसा, असं राजा विचारतो, तेव्हा अवधूत आपल्या २४ गुरूंची यादी सांगतो. पृथ्वी, वारा, पाणी, मधमाशी, अजगर असे सगळे त्यात आहेत. त्यात एक कबूतर आहे. झाडावर घरटं बांधून जोडीदारणीबरोबर सुखाने राहणारं. पिल्लं होतात. एक दिवस दोघं चारा आणायला जातात आणि मागे पारधी पिल्लांना जाळ्यात पकडतो. परत आलेली आई पिल्लांचा आक्रोश ऐकून धावत जाते आणि जाळ्यात अडकते. ते बघून बापही स्वतःला जाळ्यात झोकून देतो. पारधी सगळं कुटुंब घेऊन घरी जातो.

पुढे नवव्या अध्यायात साप येतो. साप घर बांधत नाही. दुसऱ्यांनी केलेल्या बिळात राहतो आणि निघून जातो. घर बांधणं हेच दुःखाचं मूळ, हे अवधूत सापाकडून शिकला.

वाचायला सोपं आहे. पण मी किल्लारीची आहे.

माळवद

तुमच्यातल्या बऱ्याच जणांना किल्लारी हे नाव फक्त भूकंपामुळे माहीत असेल. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. गणपती विसर्जन करून गाव झोपलं होतं. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली हजारो माणसं काही सेकंदांत गेली. ५२ गावं नव्याने दुसरीकडे वसवावी लागली. माझा जन्म त्यानंतरचा, नव्या किल्लारीतला. रांगेत आखलेली घरं, सरळ रस्ते, नंबर असलेल्या गल्ल्या. जुनं गाव आम्ही मोठ्यांच्या बोलण्यातूनच पाहिलं.

त्या बोलण्यात माळवद हा शब्द फार वेळा यायचा. जुनी घरं दगडाची, भिंती चांगल्या दोन-दोन हात जाड, पण दगड चिखलात रचलेले. वर लाकडं टाकून त्यावर मातीचा जाड थर, ते माळवद. उन्हाळ्यात आत गार वाटायचं. पावसाळा आला की गळू नये म्हणून वर नवीन माती टाकायची. दर वर्षी थोडी. बाप टाकायचा, मग मुलगा टाकायचा. घराची काळजी घेणं म्हणजे वर माती टाकणं. थरावर थर चढत गेले, छत जड होत गेलं, आणि त्या पहाटे तीच माती आणि तेच दगड झोपलेल्या माणसांवर आले. पुढे तपासणी झाली तेव्हा असंही दिसलं, की जिथे छत लाकडी खांब आणि तुळयांच्या सांगाड्यावर होतं, तिथली काही घरं भिंती ढासळूनही उभी राहिली.

माझी आजी त्या रात्रीतून वाचली. घरातली तीन माणसं वाचली नाहीत. आमच्याकडे सप्ताहात भागवत लागलं की ती पहिल्या दिवसापासून पुढे जाऊन बसते. पण सातव्या अध्यायात कपोत आला की उठते आणि घरी येते. कुणाला काही बोलत नाही. मी एकदा विचारलं तेव्हा एवढंच म्हणाली, की त्या पहाटे पोरांसाठी परत आत गेलेली माणसं तिनं पाहिलीत, त्यांना मूर्ख म्हटलेलं तिला ऐकवत नाही.

मी पुण्यात राहते, रोज सकाळी भागवताचं एक पान वाचते, त्यावर तुमच्यासाठी चार ओळी लिहिते. आजीच्या या एका वाक्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. घर म्हणजे जाळं असेल तर आम्ही सगळे जाळ्यात. नसेल तर मग अवधूत काय सांगतोय?

मग मनात आलं, की हे अध्याय ज्यांनी आपल्याला मराठीत दिले ते एकनाथ महाराज स्वतः चांगले घरदार असलेले गृहस्थ होते. बायको, मुलं, नातवंडं, शिष्य, रोजची पंगत. आणि त्यांचं घर आजही पैठणला आहे. जाऊन पाहता येतं. म्हणून गेल्या हिवाळ्यात गावी आले होते तेव्हा लातूर, बीड, गेवराई करत पैठण गाठलं.

वाडा

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते. पैठणला नाथांची दोन ठिकाणं आहेत. एक गोदावरीकाठी, ते समाधी मंदिर. दुसरं गावात, आतल्या बाजूला, तो नाथांचा राहता वाडा. लोक त्याला गावातलं नाथमंदिर म्हणतात. बहुतेक जण समाधीचं दर्शन घेऊन, पैठणीची दुकानं बघून परत फिरतात. वाडा चुकवू नका.

आज तिथे मंदिर आहे, पुढच्या पिढ्यांनी वेळोवेळी केलेली डागडुजी आहे. तरी आत पाऊल टाकलं की आपण कुणाच्या तरी घरात आलोय असं वाटतं. देवघरात नाथांच्या पूजेतला विजयी पांडुरंग. श्रीखंड्याची आठवण सांगणारा रांजण. चंदन उगाळायची सहाण. राजवाड्यात तलवारी आणि सिंहासन दाखवतात. इथे पाणी भरायचं भांडं आणि गंध उगाळायचा दगड दाखवतात. मी सभामंडपात एका खांबाजवळ बसले आणि नाथांचं चरित्र जसं आठवेल तसं मनात मांडत गेले. तेच आज तुमच्यापुढे ठेवते.

आईबापाविना मूल

नाथांचा जन्म १५३३ च्या सुमाराचा, पैठणचाच. पणजोबा संत भानुदास. विजयनगरला नेलेली पांडुरंगाची मूर्ती त्यांनी पंढरपूरला परत आणली, असं वारकरी परंपरा सांगते. म्हणजे या घराण्याचं पहिलं मोठं काम काय, तर घराबाहेर गेलेल्या देवाला घरी आणणं.

पण एकनाथांच्या वाट्याला भरलेलं घर आलं नाही. ते अगदी लहान असतानाच आईवडील गेले. आजोबा चक्रपाणी आणि आजी यांनी त्यांना वाढवलं. आमच्या भागात १९९३ नंतर अशी किती तरी घरं होती, म्हातारी माणसं आणि नातवंडं, मधली पिढी गायब. त्यामुळे चरित्रातलं हे एक वाक्य मी कधी घाईत वाचू शकत नाही.

बाराव्या वर्षाच्या आसपास हा मुलगा घर सोडून देवगिरीला गेला. देवगिरी म्हणजे आपला दौलताबादचा किल्ला. तिथे जनार्दनस्वामी होते, निजामशाहीच्या चाकरीत मोठ्या हुद्द्यावरचे आणि आतून दत्तभक्त. एकनाथ त्यांच्याकडे राहिला, सेवा केली, हिशेब लिहिले. एका पैच्या चुकीसाठी रात्रभर वह्या चाळल्या आणि ती सापडल्यावर आनंदाने टाळी वाजवली, ही गोष्ट तुम्ही शाळेत ऐकली असेल. जवळच्या शूलिभंजन डोंगरावर त्यांनी तप केलं, पुढे तीर्थयात्रा केली.

इकडे पैठणला आजी-आजोबांचं काय झालं असेल? मुलगा-सून गेलेले, आणि ज्याच्यासाठी जगायचं तो नातूही न सांगता निघून गेलेला. इथपर्यंत एकनाथ अवधूताच्या सापासारखेच आहेत. घर नाही, मागे वळून बघणं नाही.

पत्र

मग एक वळण येतं, आणि मला वाटतं तिथेच वाड्याचा पाया आहे.

वर्षं गेली. यात्रा संपवून एकनाथ पैठणला आले, पण घरी गेले नाहीत. गावातल्या देवळात उतरले. चक्रपाणी आजोबांनी दरम्यान देवगिरीला जाऊन जनार्दनस्वामींकडून एक पत्र आणून ठेवलं होतं. त्यांनी नातवाला गाठलं आणि ते हातात दिलं. गुरूंनी लिहिलं होतं, की पैठणलाच राहा, लग्न कर, संसार कर. चरित्रकार सांगतात, की पत्र वाचलं त्या जागेवरून नाथ पुढे हललेच नाहीत. तिथेच राहिले आणि त्याच जागी पुढे हे घर उभं राहिलं.

विचार करा. आपण घर घेताना काय बघतो? मेट्रो किती लांब, पाणी किती वेळ, ईएमआय किती. नाथांचं घर कुठे झालं, तर गुरूंची आज्ञा जिथे कानावर पडली तिथे. ते घर त्यांनी मागितलं नव्हतं. त्यांना ते राखायला दिलं होतं. माझ्या मते पुढच्या सगळ्या गोष्टींची किल्ली इथे आहे.

लग्न झालं. गिरिजाबाई घरात आल्या. या बाईंचं नाव नाथांच्या आधी घ्यावं असं मला वाटतं, कारण रोज येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याचं जेवण त्यांच्या हातून होत होतं.

एक गोष्ट सांगतात. एका गरजू माणसाला गावातल्या टवाळांनी पैशाचं आमिष दाखवलं, की नाथांना राग आणून दाखव. तो सरळ आत शिरला आणि पूजेला बसलेल्या नाथांच्या मांडीवर जाऊन बसला. नाथांनी त्याच्या प्रेमाचं कौतुक केलं आणि जेवायला थांबवलं. पानं मांडली. गिरिजाबाई वाकून वाढत असताना हा त्यांच्या पाठीवर चढला. नाथ म्हणाले, सांभाळ, पाहुणा पडेल. गिरिजाबाई म्हणाल्या, हरीला पाठीवर घेऊन कामं करायची सवय आहे मला, पडू देणार नाही. तो माणूस रडायला लागला.

आपण या गोष्टीला नाथांची शांती म्हणतो. पण राग न येणं ही तिची एक बाजू झाली. त्या बाईच्या पाठीवर तिचं मूल आणि परका माणूस यांच्या वजनात फरक नव्हता, ही दुसरी. कपोताच्या गोष्टीकडे परत येऊ तेव्हा हे लक्षात असू द्या.

उघडं दार

वाड्यातली सगळ्यात मोठी परीक्षा श्राद्धाच्या दिवशी झाली. स्वयंपाक तयार होता, ब्राह्मण यायचे होते. दारावरून एक महार कुटुंब चाललं होतं. अन्नाचा वास आला आणि लेकरं खायला मागू लागली. नाथांनी ते ऐकलं आणि पितरांसाठी केलेलं सगळं अन्न त्यांना पोटभर वाढलं. पुन्हा स्वयंपाक केला, पण ब्राह्मणांनी पानावर यायला नकार दिला. मग पितर स्वतः येऊन जेवले, असं महिपतींसारखे चरित्रकार सांगतात.

गोदावरीच्या तापलेल्या वाळूत रडत बसलेलं महाराचं मूल नाथांनी कडेवर उचललं आणि त्याच्या घरी पोचवलं. राण्या महाराच्या घरी जाऊन ते जेवले. रामेश्वराला नेण्यासाठी खांद्यावरून वाहिलेलं काशीचं गंगाजल तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाला पाजलं. सोळाव्या शतकात, पैठणसारख्या शास्त्र्यांच्या गावात. याची किंमत काय पडली असेल याचा अंदाज आपल्याला येणार नाही. बहिष्काराची धमकी म्हणजे पंगत बंद, मुलामुलींची लग्नं अवघड. धोक्यात नाथांची इज्जत होती, आणि त्याहून जास्त त्यांचं घर.

वाड्यात एक मुलगा पुरणपोळीसाठी राहायला आला होता. गावबा त्याचं नाव. त्याला बाकी कशातच रस नव्हता. नाथांनी त्याला ठेवून घेतलं, रोज पुरणपोळी मिळेल म्हणाले. मंत्र म्हण म्हटलं तर तो फक्त एकनाथ एवढंच म्हणायचा. नाथ गेले तेव्हा त्यांचं भावार्थ रामायण युद्धकांडात अर्धं राहिलं होतं. ते पुढे पूर्ण केलं या गावबानं.

रांजण

आता तो रांजण. श्रीखंड्या नावाचा एक पोरगा नाथांच्या घरी कामाला राहिला. बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं, चंदन उगाळलं. मग एक दिवस द्वारकेचा एक ब्राह्मण शोधत आला. त्याला दृष्टांत झाला होता, की देव द्वारकेत नाही, पैठणला एकनाथाच्या घरी पाणी भरतोय. श्रीखंड्या कुठे आहे म्हणून सगळे धावले, तोवर तो नाहीसा झाला होता. नाथ आणि गिरिजाबाई यांना रडू आवरेना. ज्याची रोज पूजा केली त्यालाच घागरी उचलायला लावल्या.

आजही नाथषष्ठीच्या दिवसांत हा रांजण भरतात. देव येऊन एक घागर ओतून जातो आणि मग तो भरतो, अशी श्रद्धा आहे. मी गेले तेव्हा उत्सव नव्हता. रांजणापुढे माझ्याशिवाय दोनच माणसं होती. एक बाई आपल्या लहान मुलीला सांगत होत्या, की इथे देव नोकर होता. मुलीनं विचारलं, मग मालक कोण होता? बाई हसल्या आणि पुढे गेल्या.

मी मात्र त्या प्रश्नावर अडकले. मालक कोण होता? सतराव्या अध्यायात भगवान उद्धवाला सांगतात, की गृहस्थानं आपल्या घरात पाहुण्यासारखं राहावं, माझं-माझं न करता. बायको, मुलं, भाऊबंद यांची भेट म्हणजे वाटसरूंची भेट. नाथांच्या घरात देव चाकर झाला, पाहुणा मालक झाला आणि मालक पाहुण्यासारखा राहिला. अवधूताचा साप दुसऱ्याच्या बिळात राहतो. नाथ स्वतःच्या घरात राहिले, पण ते दुसऱ्याचं आहे असं समजून. घर तेच, भिंती त्याच.

बाप आणि मुलगा

पण या घरात सगळं गोड होतं असं समजू नका. नाथांचा मुलगा हरिपंडित मोठा विद्वान झाला. बापानं मराठीत पुराण सांगावं, कुणाच्याही घरी जेवावं, हे त्याला पटेना. तो घर सोडून काशीला गेला. नाथ त्याला आणायला गेले. त्यानं अटी घातल्या. मराठीत पुराण सांगायचं नाही, बाहेर जेवायचं नाही. नाथांनी मान्य केल्या.

जरा थांबून बघा. ज्या माणसाचं सगळं आयुष्य मराठीसाठी गेलं त्याची ही गोष्ट आहे. भागवताच्या एकादश स्कंधावरची टीका पैठणला पाच अध्यायांपर्यंत झाली, तेव्हा काशीच्या पंडितांनी आक्षेप घेतला. नाथ तिथे जाऊन राहिले आणि पुढचे अध्याय काशीतच पूर्ण केले. ३१ अध्याय, १८ हजारांवर ओव्या, १५७३ सालची कार्तिक पौर्णिमा. म्हणजे कपोताचा सातवा अध्याय नाथांनी लिहिला तेव्हा ते आपल्या घरापासून शेकडो कोस दूर होते. पुढे १५८४ मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्ध प्रत तयार केली. गोंधळी, जोगवा, वासुदेव यांच्या तोंडी घालून भारुडं लिहिली. आणि हाच माणूस मुलगा घरी यावा म्हणून गप्प बसायला तयार झाला.

हरिपंडिताचं पुराण सुरू झालं आणि श्रोते रोडावले. मग एक बाई आली. तिला सहस्रभोजन घालायचं होतं आणि ऐपत राहिली नव्हती. एकट्या नाथांना जेवू घातलं की पुण्य पदरी पडेल, अशी तिची श्रद्धा. नाथ मुलाच्या परवानगीनं जेवायला गेले. उष्टी पत्रावळ हरिपंडितानं उचलली तर खाली दुसरी, ती उचलली तर तिसरी. हजार झाल्या म्हणतात. मुलानं बापाचे पाय धरले आणि वाड्यात पुन्हा मराठी ऐकू येऊ लागली.

चमत्कार तुम्ही कसा घ्यायचा तो घ्या. मला त्यात दिसतो तो मुलासाठी काशीपर्यंत चालत गेलेला बाप. म्हणजे नाथ मायेतून सुटलेले नव्हते का? होते. पण सुटलेला माणूस मुलासाठी चालत जातच नाही, असं कुणी सांगितलं?

कपोत पुन्हा वाचताना

इथे मला आजीचं उत्तर हळूहळू दिसायला लागलं. पूर्ण दिसलं असं म्हणणार नाही.

एक गोष्ट कबूल करायला हवी. मूळ ग्रंथात कबुतराचं कौतुक नाही. घरात गुंतून राहिलेला असा जीव नाश पावतो, हाच तिथला रोख आहे. तो गुळगुळीत करून सांगणं मला पटत नाही. पण गोष्ट नीट वाचली तर त्याचं जाळ्यात पडणं शेवटी येतं. त्याआधी त्या जोडप्याचं सगळं जग घरट्याएवढं झालेलं असतं. त्या झाडावर, त्या रानात दुसरं कुणी आहे असा उल्लेखही नाही. त्यांच्या पिल्लांसाठी रडायला कुणी नाही आणि त्यांनीही कुणासाठी काही केल्याचं दिसत नाही. घरटं तुटलं तेव्हा उरलं काहीच नाही.

नाथांच्या वाड्यात प्रेम कमी केलेलं दिसत नाही. दार मोठं केलेलं दिसतं. गिरिजाबाईंच्या पाठीवर हरी होता तसा तो परका माणूस. वाळूतलं मूल आपल्या मुलासारखंच कडेवर. आपल्या लेकरावरची माया काढून टाकायची गरज नाही, ती जिथे थांबते ती भिंत काढायची. माळवदासारखं असतं ते. आपण प्रेमानं माझं-माझं म्हणत दर वर्षी एक थर टाकत जातो. माती वाईट नसते. पण खाली आधाराला खांब हवेत, नाहीतर तोच भार एका रात्री अंगावर येतो.

आणि त्या पहाटे किल्लारीत आत परत गेलेली माणसं? त्यातली कितीतरी जण शेजाऱ्याच्या पोरासाठी गेली होती. माझ्या आजीला ढिगाऱ्यातून हातानं उकरून काढलं ते नात्यातलं कुणी नव्हतं, दुसऱ्या गल्लीतला माणूस होता. तो आपल्या घरातलं उकरून आला होता आणि तिथे कुणी जिवंत नव्हतं. पुढे गावोगावची, परराज्यांतली माणसं मदतीला आली. भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली १,२०० मुलं शिकवायला पुण्यात नेली. ही सगळी वाळूतलं मूल उचलणारी माणसं. त्यांना कपोत म्हणायचं असेल तर मला वाटतं अवधूतही क्षणभर थांबेल.

आजीला हे सगळं फोनवर सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग विचारलं, की नाथांच्या आजी-आजोबांनी नातू परत आल्यावर काय केलं असेल? मी म्हटलं, पत्र दिलं. ती म्हणाली, त्याआधी जेवायला दिलं असेल. चरित्रात हे नाही. पण आता मला ते त्यात आहे असंच वाटतं.

शेवट गोदेत

१५९९ साली फाल्गुन वद्य षष्ठीला नाथांनी देह ठेवला. ही तिथी त्यांच्या गुरूंच्या आयुष्यातलीही मोठी तिथी. परंपरा सांगते, की लोकांना आधी सांगून, कीर्तन करत ते गोदावरीत शिरले. बघा, घरात पाहुण्यासारखं राहणारा माणूस निघतानाही पाहुण्यासारखाच निघाला, निरोप घेऊन, कुणाला न चोरता. बाराव्या वर्षी ते न सांगता गेले होते. या वेळी सांगून गेले.

वाडा मागे राहिला आणि त्याचं दार सगळ्यांसाठी उघडं राहिलं. आज नाथषष्ठीला शेकडो दिंड्या पैठणला येतात, अष्टमीला काला होतो. गर्दीत जायचं असेल तर तेव्हा जा. शांत बसायचं असेल तर एखाद्या साध्या दिवशी जा.

आजचा नेम

१. अध्याय ७, ९ आणि १७ मधले हे तीन भाग एका बैठकीत वाचा. वेगवेगळे वाचले तर साप आणि पाहुणा यांची गाठ पडत नाही.

२. तुमचं घर भाड्याचं असो, हप्त्यांवरचं असो किंवा होस्टेलची खोली असो, आज एक दिवस तिथे पाहुण्यासारखं राहा. पाहुणा वस्तू जपून वापरतो, आवाज चढवत नाही आणि जेवण झाल्यावर वाढणाऱ्याला चांगलं म्हणतो.

३. या आठवड्यात एका अशा माणसाला जेवायला बोलवा जो तुमच्या रोजच्या वर्तुळात नाही. सोसायटीचा वॉचमन, नवीन आलेला सहकारी, कुणीही. डबा नेऊन देणं वेगळं. घरात बसवून वाढा.

नाथा, आमचं घर राखायला दिलंय तेवढंच राहू दे. आणि दार उघडं ठेवायची हिंमत दे.

उद्या अध्याय १८ सुरू करू. राम कृष्ण हरी.